चौथ्या मजल्यावरचा वास

द्रौपदीबाई वाहुळे कांजूरमार्गला राहायला आल्या तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आता कुणाशी वाद घालायचा नाही. भांडुपच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. वडील जालन्याकडून मुंबईत आलेले, विक्रोळीत कन्नमवारनगरला स्थिरावलेले. भावंडांत पदवीपर्यंत पोचलेल्या त्या एकट्याच. नवरा कुंडलिक गेल्यावर जुनं घर सोडलं आणि मुलाबरोबर, प्रबुद्धबरोबर, त्या कांजूर पूर्वेच्या नव्या इमारतीत ए विंगच्या चौथ्या मजल्यावर आल्या. प्रबुद्ध ऐरोलीला एका कंपनीत होता. सकाळी निघायचा तो संध्याकाळी परत. दिवसभर घरात बाई एकट्या.

समोरच्या दारात राऊळ राहायचे, मूळचे कणकवलीकडचे. त्यांची सून माधुरी विमा कंपनीत दावे तपासायच्या कामावर होती. कुणी गाडी चोरीला गेली म्हणायचं, कुणी दुकान जळालं म्हणायचं. ते खरं की बनाव हे शोधणं तिचं काम. त्यामुळे की काय, साधं बोलतानाही ती उलटतपासणी घेतल्यासारखी बोलायची. "तुमचा मुलगा रोज ऑफिसला जातो? आयटीवाले तर घरूनच करतात ना?" असं तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. बाईंना ते खटकलं होतं.

होळी होऊन गेली, उन्हं तापायला लागली, आणि एके दिवशी लिफ्टजवळच्या बोर्डावर सूचना लागली. 'ए विंगमधील रहिवाशांच्या तक्रारीनुसार, सुकी मासळी भाजताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. इतरांना त्रास होतो.' खाली सेक्रेटरी मार्तंडरावांची सही. नाव कुणाचं नव्हतं. पण बाई ती वाचत उभ्या असताना मागून आलेल्या दोघी जणी त्यांना बघून बोलायच्या थांबल्या आणि जिन्याने वर गेल्या.

संध्याकाळी मार्तंडराव स्वतःच दाराशी आले. "तुमच्याबद्दल नाही हां बाई. जनरल सूचना आहे. पण जरा काळजी घेतलीत तर बरं."

"माझ्याबद्दल नाही, मग माझ्याच दारात का आलात?"

"नाही, म्हणजे सगळ्यांना सांगतोय."

बाई दारातच उभ्या राहून ऐकत राहिल्या. मार्तंडराव दुसऱ्या कुठल्याच दाराची बेल न वाजवता खाली गेले.

बाई आठवड्यातून दोनतीनदा बोंबील भाजत, हे खरं होतं. कुंडलिकना आवडायचे, आणि आता ती सवयच झाली होती. पण वासाची तक्रार वेगळीच होती. लोक म्हणत होते, सडल्यासारखा, मळमळ होईल असा वास येतो. तो वास बाईंनाही यायचा. त्यांच्या मते तो खाडीकडच्या कचऱ्याच्या डंपिंगचा होता. कांजूरला राहणाऱ्याला तो वेगळा सांगावा लागत नाही.

त्या दिवसापासून बाईंचं बघणंच बदललं. लिफ्टमध्ये कुणी नाकाला रुमाल लावला की त्यांना वाटायचं, हा मला दाखवण्यासाठी. कुणी हसून बोललं की वाटायचं, तक्रार यानेच केली असणार, म्हणून गोड बोलतोय. सगळ्यात जास्त संशय माधुरीवर होता. समोरचं दार तिचं. त्यात आठवड्याभरात ती एकदाही दारात थांबून बोलली नव्हती.

"आई, ती कामात असेल," प्रबुद्ध म्हणाला.

"तू नको सांगूस. मला माणसं कळतात."

"राऊळांकडे पण बोंबील भाजतात. मला त्यांच्याकडून वास आलाय."

"म्हणूनच. स्वतःच्या घरचा लपवायला माझं नाव पुढे केलं."

बाईंनी बोंबील बंद केले. मग मुलुंडला बहिणीकडे गेल्या आणि आठवडाभर तिकडेच राहिल्या. परत आल्या तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडलेला, ए विंगमध्ये पुन्हा तोच घाण वास, कृपया दखल घ्यावी. बाई तशाच मार्तंडरावांच्या ऑफिसात गेल्या. ऑफिस म्हणजे तळमजल्यावर मीटर रूमला लागून असलेली खोली.

"मी घरात नव्हते. प्रबुद्ध बाहेर जेवत होता. आमचा गॅस पेटला नाही."

मार्तंडराव म्हणाले, "जुना वास असेल. पडद्यांत बसतो तो. जात नाही लवकर."

"आणि वास आला नसता तर?"

"तर आमच्या सूचनेचा उपयोग झाला म्हणायचं."

 बाई म्हणाल्या, "मार्तंडराव, वास आला तरी मी भाजलं, आणि नाही आला तरी मीच भाजायची थांबले. तुमचं म्हणणं खोटं ठरायचं ते कधी?"

"तुम्ही शब्दात पकडू नका हो."

त्या चिडून वर आल्या. आपण विज्ञानाच्या शिक्षिका आहोत, आपण हे सिद्ध करून दाखवू, असं त्यांनी ठरवलं. पुढचा आठवडा त्यांनी स्वतःच सगळं केलं. वाटेल त्या दिवशी बोंबील भाजले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या बायकांना गाठून विचारलं, "काल वास आला का गं?" बहुतेकींनी नाही म्हटलं. मग त्यांनी मार्तंडरावांना बैठक बोलवायला लावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी भाजते तेव्हा वास येत नाही, वास डंपिंगचा आहे.

माधुरी मागच्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "बाई, विचारू का?"

"विचार."

"कुठल्या दिवशी भाजायचं ते कोण ठरवत होतं?"

"मीच."

"म्हणजे बाहेर वारा असेल तेव्हा तुम्ही भाजलं असेल, नसेल तेव्हा नाही. मुद्दाम नाही म्हणत मी, पण होतं असं. आणि विचारलंत कुणाला? तुमच्या ओळखीच्यांना. तुमच्या तोंडावर कोण म्हणणार, हो, आला वास?"

कुणीतरी हसलं. 

माधुरी थांबली नाही. "आणि डंपिंगचं म्हणाल तर खाडीच्या बाजूला बी विंग आहे. आपल्या आधी त्यांना वास यायला पाहिजे. त्यांची एकही तक्रार नाही. मार्तंडराव, आहे का?"

"नाही," मार्तंडराव खूश होऊन म्हणाले.

बैठक तिथेच मोडली. बाई घरी आल्या आणि सोफ्यावर बसून राहिल्या. प्रबुद्धने चहा दिला तो तसाच गार झाला. माधुरीचा त्यांना मनस्वी राग आला होता. आता तर खात्रीच झाली होती की तक्रार तिनेच केली. पण रागाच्या खाली आणखी एक गोष्ट टोचत होती. ती जे बोलली त्यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं.

शाळेत प्रयोग म्हणजे साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निळा लिटमस आम्लात तांबडा होणार हे मुलांना आधीच पाठ असायचं. एखाद्या मुलाचा कागद जुना निघाला आणि तांबडा झाला नाही, तरी तो 'तांबडा झाला' असंच लिहायचा आणि बाई त्यावर बरोबरची खूण करायच्या. इतकी वर्षं आपण उत्तर आधी ठरवूनच प्रयोग करवून घेतले, आणि आताही तेच केलं, हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं.

रविवारी सकाळी त्यांनी समोरची बेल वाजवली. माधुरीनेच दार उघडलं.

"आत या ना."

"इथेच बरी आहे. तू म्हणालीस ते बरोबर होतं. मग बरोबर प्रयोग कसा करायचा ते सांग."

माधुरीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. हा काही डाव आहे का, असं तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. "मला विज्ञानातलं काही कळत नाही. मी फक्त कोण कुठे खोटं बोलू शकेल तेवढं बघते."

"तेवढंच हवंय मला."

मग दोघी राऊळांच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. माधुरीची सासू आतून मालवणीत म्हणाली, "कोण गो ता?" आणि बाहेर डोकावून, बाईंना बघून परत आत गेली. बाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

"पहिली गोष्ट," माधुरी म्हणाली, "कधी भाजायचं ते तुम्ही ठरवायचं नाही."

"छापा-काटा करू. प्रबुद्ध करेल, ऑफिसला निघायच्या आधी. छापा पडला तर भाजायचं."

"आणि काटा पडला तर? तुमचा स्वयंपाकघरातला पंखा लागला की आम्हाला ऐकू येतो. तो लागला नाही की कळणारच आज काही नाही ते."

बाईंनी विचार केला. "काटा पडला तरी मी तवा तापवीन, पंखा लावीन. तव्यावर काही टाकणार नाही. बाहेरून दोन्ही दिवस सारखेच दिसले पाहिजेत."

"हे चांगलंय." माधुरी पहिल्यांदाच जरा मोकळं बोलली. "मग वास आला की नाही, ते ग्रुपवर टाकायचं नाही. तिथे एकाने आला म्हटलं की सगळ्यांच्या नाकाला येतो. प्रत्येकाने रोज मला एकटीला मेसेज करायचा. आला किंवा नाही आला. आला तर कसला, आणि घरात कुठे."

"तुला एकटीला का?"

"म्हणजे?"

"तू त्यात बदल केलास तर मला कसं कळणार? मेसेज तुला जाईल तसाच मार्तंडरावांनाही जायला हवा. आणि प्रबुद्धचा छापा-काटा तुम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळता कामा नये."

माधुरी हसली. "आता जमलं तुम्हाला."

"आणखी एक. बी विंगच्या लोकांनाही घ्यायचं. वास तिकडे खरंच येत नाही की तिकडचे फक्त तक्रार करत नाहीत, हे आपल्याला माहीत नाही. डंपिंगचं म्हणणं माझं आहे. ते खोटं ठरायचं असेल तर तिथेच ठरेल."

निघताना बाईंनी विचारलंच. "ती पहिली तक्रार तू केली होतीस?"

 माधुरी म्हणाली, "प्रयोग होऊ दे, मग सांगते. आता काही सांगितलं तर तुम्ही माझ्या मेसेजवर विश्वास ठेवणार नाही."

त्या उत्तराने बाईंचा संशय दुप्पट झाला. तरी त्यांनी प्रयोग सोडला नाही.

एप्रिल अर्धा सरेपर्यंत हे चाललं. दोन्ही विंगमधली काही घरं तयार झाली होती, काहींनी हा वेडेपणा आहे म्हणून नकार दिला. प्रबुद्ध सकाळी दाराआड नाणं उडवायचा, आईच्या कानात सांगायचा आणि निघायचा. काटा पडला की बाई रिकामा तवा तापवत उभ्या राहायच्या. कधीकधी त्यांना स्वतःचंच हसू यायचं. एका छाप्याच्या दिवशी त्यांना मोह झाला की आज कमी भाजावेत, दोनच, म्हणजे वास कमी येईल. हात डब्यात तसाच थांबला. मग त्यांनी रोजच्याइतकेच काढले.

ठरलेल्या दिवशी सगळे ऑफिसात जमले. प्रबुद्धने आपल्या फोनमधले छापे-काटे वाचले, माधुरीने मेसेज वाचले आणि मार्तंडरावांनी आपल्या फोनवर ते ताडून पाहिले. मांडणी फळ्यावर बाईंनीच केली. खडू हातात आल्यावर त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

छाप्याच्या दिवशी चौथ्या मजल्यावर आणि बरोबर वरच्या घरात 'भाजल्याचा वास' आला होता. काट्याच्या दिवशी तो जवळजवळ नव्हता.

"म्हणजे तुमच्याकडून वास येतोच," मार्तंडराव म्हणाले.

"येतो," बाई म्हणाल्या. "शेजारच्या घरांना माझ्या बोंबलांचा वास येतो. ते मी मान्य करते. पण पुढे बघा."

सडल्यासारखा वास वेगळाच होता. तो छाप्यालाही आला होता आणि काट्यालाही, कमी-जास्त सारखाच. तो चौथ्या मजल्यापासून वर येत होता आणि बहुतेकांनी लिहिलं होतं, बाथरूममध्ये जास्त. वरच्या मजल्यावरचा यज्ञेश तर रोज एकच ओळ पाठवायचा, 'आला, बाथरूम.' माझ्या तव्याशी त्या वासाचा संबंध दिसत नाही, असं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी बी विंगचे मेसेज घेतले. तिथे खाडीकडून वारा आला तेव्हा एखाददुसऱ्याने डंपिंगचा वास लिहिला होता. बाकी काहीच नव्हतं.

"म्हणजे डंपिंगचं माझं म्हणणंही टिकत नाही," बाई म्हणाल्या. हे बोलायला त्यांना जड गेलं, ते सगळ्यांना दिसलं.

"मग आहे काय?" कुणीतरी विचारलं.

"ते अजून माहीत नाही. पण ए विंगमध्येच आहे, बाथरूमच्या बाजूला आहे, आणि चौथ्याच्या वर जातं. म्हणजे चौथ्यावर किंवा त्याच्या खाली कुठेतरी."

बाथरूमच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडत होत्या, त्या डक्टला लागून तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट होता. त्याचा मालक दुबईला होता आणि घर कित्येक महिने बंद होतं. किल्ली त्याच्या भावाकडे, बोरीवलीला. मार्तंडरावांनी आधी टाळाटाळ केली, कुणाच्या बंद घरात कसं शिरायचं म्हणून. शेवटी भाऊ स्वतः किल्ली घेऊन आला. बरोबर नितेश प्लंबरला घेतलं. बाथरूमचं दार उघडताच सगळे मागे सरले. नितेशने मोरीची जाळी उचलून टॉर्च मारला.

"सुकलंय," तो म्हणाला. "या जाळीखाली वाकडा पाइप असतो. त्यात पाणी साचलेलं राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. घर बंद, त्यात हा उन्हाळा. पाणी उडून गेलं. आता सगळा वास इथून बाहेर आणि खिडकीतून डक्टमध्ये." त्याने बादलीभर पाणी ओतलं.

वास गेला. लोक खूश झाले. एकट्या बाई म्हणाल्या, "अजून सिद्ध नाही झालं. कदाचित दुसऱ्या कारणानेही गेला असेल. पाणी पुन्हा सुकू द्यायला हवं."

यावर सगळे एकदम बोलू लागले. पुन्हा वास कोण सोसणार? किल्ली मार्तंडरावांकडे ठेवायची आणि नितेश दर आठवड्याला येऊन पाणी ओतेल असं ठरलं आणि बाईंना गप्प बसावं लागलं. पण मे महिन्यात नितेश गावाला गेला आणि पाणी ओतायचं राहून गेलं. कुणाला ते माहीतही नव्हतं. एका सकाळी यज्ञेशचा मेसेज आला, 'आला, बाथरूम.' माधुरी तो फोन घेऊन बाईंकडे आली. मार्तंडरावांनी किल्ली काढली, पाणी ओतलं आणि वास पुन्हा गेला. आता बाईंचं समाधान झालं.

त्या दिवशी माधुरी आत येऊन बसली. "तुम्ही विचारलं होतं ना, तक्रार मी केली का. केली होती. पण मी काय लिहिलं होतं ते बघा." तिने मार्तंडरावांना पाठवलेला जुना मेसेज दाखवला. 'आमच्याकडे बाथरूममध्ये दोन दिवस घाण वास येतोय. कुठून ते कळत नाही. जरा बघाल का?'

बाईंनी तो दोनदा वाचला. "मासळी कुठे आहे यात?"

"नाहीच. सुकी मासळी हा शब्द मार्तंडरावांचा. सूचना लागली तेव्हा मलाच कळेना, हे कुठून आलं. आणि मग तुम्ही माझ्याकडे अशा बघायला लागलात की मी दारात थांबायचं बंद केलं."

"मला तेव्हाच सांगायचं."

"खरं सांगू? मलाही वाटलं होतं, असेल बोंबलांचा. म्हणून गप्प बसले." मग हळूच म्हणाली, "आमच्याकडेही भाजतात. आमच्याकडे कुणी आलं नाही."

 माधुरीवरचा बाईंचा संशय अर्धा खरा निघाला होता आणि अर्धा खोटा. तो कुठल्या खणात ठेवायचा हे त्यांना कळेना. त्यांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या. बोर्डावरची सूचना मार्तंडरावांनी आधीच काढली होती. तिच्या जागी नवी लावायची तयारी चालली होती, बंद फ्लॅटच्या मालकांनी मोरीत पाणी ओतायची व्यवस्था करावी म्हणून.

"बघा, मिटलं सगळं," मार्तंडराव म्हणाले.

"एक राहिलंय." बाई खुर्ची ओढून बसल्या. "माधुरीने लिहिलं होतं, वास येतो, कुठून ते कळत नाही. त्याची मासळी तुम्ही केलीत. ए विंगमध्ये मासळी खाणारी घरं बरीच आहेत. तक्रार करणारीचं घरही त्यातच. तुम्ही माझ्याच दारात आलात. का आलात?"

"तुम्ही भाजता हे माहीत होतं."

"राऊळ भाजतात हेही माहीत होतं."

मार्तंडरावांनी टेबलावरचा कागद उलटा केला, सुलटा केला. "मनात तसं काही नव्हतं हो बाई. सुचलं ते लिहिलं."

"तेच विचारतेय. तेच का सुचलं?"

ते दारातून दिसणाऱ्या बोर्डाकडे बघत राहिले. बाहेर बी विंगचा पाण्याचा पंप सुरू झाला होता. बाईंनी बराच वेळ वाट बघितली. त्यांना उत्तराचा अंदाज होता, आडनाव सांगितल्यावर बदलणारे चेहरे बघून आयुष्यभर होता. पण आपण ते त्यांच्या तोंडात घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मला नाणं उडवून हे कळणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच सांगावं लागेल. आज नाही तर नंतर. मी विचारत राहीन."

त्या उठल्या. मार्तंडरावही उठले आणि दारापर्यंत आले.  त्यानंतरच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक लागली तेव्हा त्यांनी सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरला नाही. तब्येतीचं कारण दिलं. बाईंना ते कारण खरं वाटलं नाही, पण खोटंही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तसं कुणापाशी म्हटलं नाही.